मटण खिम्याचे कटलेट: बाहेरून खरपूस, आतून रसदार, तव्यावर न फुटणारे

खिम्याचे दोन पदार्थ नेहमी एकमेकांत मिसळले जातात. शिजवलेला सुका खिमा उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरून तळला की पॅटिस. कच्चा खिमा मसाल्यात मळून, थापून थेट तव्यावर घातला की कटलेट. पॅटिसमध्ये बटाटा सगळं सांभाळून घेतो. कटलेटमध्ये मांसालाच एकमेकांना धरून राहायचं असतं, म्हणून तिथे चुकांना जागा कमी. पण चव कटलेटची जास्त चांगली, आणि कृती एकदा हाताला बसली की रात्रीच्या जेवणाला तासा-सव्वा तासात ताट तयार होतं.

कटलेट फुटतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. धुतलेल्या खिम्याचं पाणी, कांद्याचं, कोथिंबिरीचं, गरम बटाट्याचं, न पिळलेल्या पावाचं. हे पाणी तव्यावर वाफ होऊन बाहेर पडतं आणि कटलेटला भेगा पाडतं. म्हणून खाली जिथे जिथे कोरडं करा, पिळून घ्या असं लिहिलं आहे, ते वगळू नका.

साहित्य (साधारण 60 ग्रॅमची 12 कटलेट, चार माणसांना)

मटण खिमा 500 ग्रॅम
उकडलेला बटाटा 1 मध्यम, साधारण 100 ग्रॅम
शिळा ब्रेड 2 स्लाइस, कडा काढून
कांदा 1 मध्यम, अगदी बारीक चिरून
आलं-लसूण वाटण 1 मोठा चमचा, हिरव्या मिरच्या 3 बारीक चिरून
कोथिंबीर अर्धी वाटी, पुदिन्याची 10-12 पानं
हळद अर्धा लहान चमचा, लाल तिखट 1 लहान चमचा, गरम मसाला 1 लहान चमचा
मीठ सव्वा लहान चमचा
घोळवायला बारीक रवा पाऊण वाटी आणि तांदळाचं पीठ 2 मोठे चमचे
तळायला तेल

खिमा आणताना

आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं. ते मुळात कमी चरबीचं असतं. निव्वळ मांडीच्या लाल मांसाचा खिमा घेतला तर कटलेट कोरडं आणि दाणेदार होतं. खाटकाला मांडी आणि खांदा मिळून खिमा करायला सांगा आणि चरबी काढू नका म्हणा. पाच भाग मांसाला साधारण एक भाग चरबी असली की ती तव्यावर वितळून आतला भाग ओलसर ठेवते. मशीनमधून दोनदा काढून घ्या. एकदाच काढलेला खिमा रश्श्याला उत्तम, पण कटलेटला भरड पडतो.

खिमा धुण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. धुवायचंच असेल तर तुकडे असतानाच धुवून, पुसून मग खिमा करा. खिमा झाल्यावर धुतला की तो पाणी धरून ठेवतो. जंतू जातात ते शिजवण्याने, धुण्याने नव्हे. तरीही धुतलाच तर सुती फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली भांडं घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये निथळू द्या.

घरच्या मिक्सरवर खिमा करणार असाल तर बोनलेस तुकडे वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर पात्याच्या उष्णतेने चरबी वितळते आणि खिम्याऐवजी लगदा हाती येतो.

पायरी 1: जोडीच्या वस्तू कोरड्या करणं

बटाटा सालीसकट उकडा, पूर्ण गार होऊ द्या, मग किसा. गरम बटाटा चिकट होतो आणि खिम्यातली चरबीही वितळवतो. कांद्यावर चिमूटभर मीठ टाकून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. कोथिंबीर-पुदिना धुवून फडक्यावर पसरून मगच चिरा. ब्रेड पाण्यात क्षणभर बुडवून दोन्ही तळव्यांत दाबून पिळा आणि बोटांनी कुस्करा. बटाटा आणि ब्रेड ही भर नाही. मांस आकसताना जो रस बाहेर पडतो तो हे दोन्ही शोषून आतच ठेवतात. मात्र बटाटा वाढवला तर मांसाची चव मागे पडते, म्हणून अर्धा किलोला एकच.

पायरी 2: मळणं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त थंड खिमा, मीठ, आलं-लसूण वाटण आणि कोरडे मसाले परातीत घ्या. तळव्याच्या मागच्या भागाने रेटत तीन-चार मिनिटं मळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होऊन चिकट होतात. खिमा परातीला चिकटू लागला आणि चिमटीत ओढल्यावर तंतू दिसले की थांबा. यापुढे मळत राहिलात तर कटलेट रबरासारखं होतं.

आता ब्रेड, बटाटा, कांदा, मिरची, कोथिंबीर, पुदिना घालून बोटांनी हलकेच एकत्र करा. बटाटा मळायचा नाही, नाहीतर सगळं मिश्रण चिकट होतं. लिंबू इथे पिळू नका. आंबटपणाने कच्चं मांस वरून शिजल्यासारखं होतं आणि भुसभुशीत पडतं. लिंबू ताटात वाढा. कच्च्या पपईचीही गरज नाही. पपई मोठ्या तुकड्यांसाठी ठीक, पण खिमा आधीच इतका बारीक असतो की तिच्याने थोड्याच वेळात त्याचा लगदा होतो.

मग मिश्रण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. चरबी घट्ट होते, ब्रेड ओल शोषतो, थापताना हाताला चिकटत नाही.

याच वेळी सुपारीएवढा गोळा तव्यावर चपटा करून भाजा आणि चाखा. कच्च्या मिश्रणाची चव कधीही जिभेवर पाहू नका. हा एक गोळा मीठ-तिखटाबरोबर बांधणीचंही खरं सांगतो. तो फुटला तर मिश्रणात एक-दोन मोठे चमचे ब्रेडचा चुरा घाला आणि आणखी पंधरा मिनिटं थांबा.

पायरी 3: थापणं आणि घोळवणं

तळव्यांना तेलाचा हात लावून 12 सारखे गोळे करा. प्रत्येक गोळा एका हातातून दुसऱ्या हातात चार-पाच वेळा आपटा, म्हणजे आतली हवा जाते. दीड सेंटीमीटर जाडीचं, साधारण 7 सेंटीमीटर रुंद कटलेट थापा. कडेला भेग दिसली तर ओल्या बोटाने लगेच मिटवा. तव्यावर तीच भेग मोठी होणार असते. मध्यभागी अंगठ्याने किंचित खळगा करा, कारण शिजताना मांस कडेने आकसतं आणि मध्ये फुगतं.

रवा आणि तांदळाचं पीठ ताटलीत एकत्र करून कटलेट दोन्ही बाजूंनी दाबून घोळवा, कडाही. पाच मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे रवा चिकटून बसतो. अर्धा तास ठेवलात तर रवा ओला होऊन खरपूसपणा जातो. अंडं यात लागत नाही. पारशी घरांतलं जाळीदार कटलेट हवं असेल तर क्रम वेगळा: आधी ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचं, मग फेटलेल्या अंड्यात बुडवून जास्त तेलात सोडायचं, म्हणजे अंड्याची जाळी कडेने फुलते.

पायरी 4: तळणं

जाड लोखंडी तवा किंवा बिडाचं भांडं घ्या. तीन-चार मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवा. रव्याचा कण टाकल्यावर त्याच्याभोवती लगेच बुडबुडे आले की कटलेट सोडा. एका वेळी पाच-सहाच. गर्दी केली की तेल थंड होतं, पाणी सुटतं आणि कटलेट तळण्याऐवजी राखाडी रंगाचं उकडून निघतं.

पहिली चार मिनिटं हात लावू नका. कड तांबूस झाली आणि कटलेट तव्यापासून आपोआप सुटू लागलं की एकदाच उलटा. दुसरी बाजूही चार मिनिटं. कालथ्याने दाबू नका. जो चर्र आवाज येतो तो रस बाहेर पडण्याचा असतो. मोठ्या आचेवर रवा करपतो आणि आत कच्चं राहतं.

शिजल्याची खूण रंगावरून काढणं इथे फसवं आहे, कारण हळद-तिखटामुळे आतला गुलाबीपणा दिसत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 अंश सेल्सिअस हवेत, चिकन खिम्याला 74. नसेल तर पहिल्या घाण्यातलं एक कटलेट मोडून पाहा: रस स्वच्छ हवा, मध्यभाग चांगला गरम आणि घट्ट हवा. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा अर्धवट शिजवणं चालत नाही.

तळलेली कटलेट कागदापेक्षा जाळीवर ठेवा, खालची बाजू मऊ पडत नाही.

चिकन खिमा वापरताना

मांडीचं मांस घ्या, छातीच्या मांसाचं कटलेट कोरडं होतं. चिकन ओलसर असल्याने बटाटा अर्धाच, ब्रेड तीन स्लाइस, आणि वरून एक मोठा चमचा तेल किंवा लोणी. मळायला दोन मिनिटं पुरतात.

आधी करून ठेवायचं असेल तर

सकाळी कटलेट थापून, न घोळवता, डब्यात बटर पेपर मध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि रात्री घोळवून तळा. कच्चा खिमा मात्र फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नका. जास्त दिवसांसाठी थापलेली कटलेट ताटात सुटी गोठवून मग पिशवीत भरा. वापरण्याच्या आदल्या रात्री ती फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढा, ओट्यावर नाही. सुटलेलं पाणी टिपून घ्या आणि मगच रव्यात घोळवा.

वरण-भाताबरोबर एक-एक, पावात घालून कांदा आणि हिरव्या चटणीबरोबर, किंवा चपाती आणि सोलकढीसोबत, कसंही वाढा. फक्त तव्यावरून उतरल्यावर दोन मिनिटं थांबा, रस आत स्थिरावतो आणि पहिल्याच घासाला ताटात सांडत नाही.