एकट्याने कयाक चालवताना तलावावरच्या सवयी नदीत आणि खाडीत नेऊ नका

नागपुरात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद नाव, शिकणारे बहुतेक जण रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या तलावावर, म्हणजे वाहत नसलेल्या पाण्यावर शिकतात. तेथे एखादी चूक झाली तरी ती पचून जाते, कारण वल्हे मारणे थांबवले की नावही थांबते आणि विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. त्याच सवयी घेऊन माणूस एकटाच कन्हान किंवा वैनगंगेवर उतरतो, पुढे कधीतरी कोकणातल्या खाडीत जातो, तेव्हा नेमका हा वेळ त्याच्याजवळ नसतो आणि चूक दाखवून देणारा सोबतीही नसतो.

आकाश पाहून नदीचा अंदाज बांधणे

कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या मध्य प्रदेशातून येतात. पेंचवर चौराई, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी अशी धरणे एकापाठोपाठ आहेत, त्यामुळे कामठीला लख्ख ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील पावसाने आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांची जी दैना केली, ती या भागात कोणी विसरलेले नाही. पावसाळ्यात एकट्याने नदीत उतरूच नये. एरवीही निघण्यापूर्वी धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची चौकशी करावी आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवून पंधरा-वीस मिनिटे पाहावे. वाटेत पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यावर पालापाचोळा आणि फेस वाहून येऊ लागला, तर नदी चढते आहे असे समजून काठ गाठावा. तोतलाडोहचा जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो, तेथे परवानगीवाचून नाव नेण्याचा विचारही करू नये.

बंधारा नावेतून ओलांडणे

माझ्या मते आपल्याकडच्या नद्यांवरची ही सर्वांत घातक चूक आहे, आणि बंधारा दिसायला अगदी साधा असल्यामुळेच ती होते. नावेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून मीटरभरही उंच नसतात. त्याला समोर फक्त पाण्याची एक सरळ रेघ आणि तिच्यापलीकडे झाडांचे शेंडे दिसतात. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवलेले असतील तर पाणी त्यांच्यावरून खाली पडते आणि पायथ्याशी उलटे फिरून पुन्हा भिंतीकडेच येते. या भोवऱ्यात सापडलेली नाव आणि माणूस तेथेच घुसळत राहतात, लाइफ जॅकेट असूनही बाहेर पडता येत नाही. बरगे काढलेले असतील तर पाणी खांबांमधून जोराने जाते आणि आडवी झालेली नाव दोन खांबांना अडकून दुमडते. म्हणून निघण्यापूर्वी उपग्रह नकाशावर वाटेतला प्रत्येक बंधारा पाहून ठेवावा, त्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागावे आणि नाव उचलून पलीकडे न्यावी.

प्रवाहात झुकलेल्या बाभळीच्या किंवा बेशरमीच्या झुडपांचेही असेच आहे. फांद्यांतून पाणी निघून जाते, नाव अडकते. अशा वेळी घाबरलेला माणूस अडथळ्यापासून दूर, म्हणजे पाणी येते त्या बाजूला झुकतो. ती कड बुडते, नावेत पाणी शिरते आणि नाव उलटते. झुकायचे ते अडथळ्याकडेच, आणि मग हातांनी धरून नाव हळूहळू सोडवायची. याच कारणाने वाहत्या नदीत वल्ह्याची दोरी अंगाला बांधू नये.

नाव उलटल्यावर काय करायचे हे नदीतच शिकणे

सपाट, वर बसायच्या कयाकवर परत चढणे अवघड नसते: नाव सुलटी करायची, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत मारायचे, पोटावर आडवे चढायचे, मग वळून बसायचे. तरीही काठावर माणसे उभी असताना तलावावर याचा कंटाळा येईपर्यंत सराव झालेला नसेल, तर एकट्याने निघू नये. जोराच्या प्रवाहात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण दगडांत पाय अडकला की पाणी माणसाला आडवे करते. पाय वर, प्रवाहाच्या दिशेने ठेवून पाठीवर तरंगावे आणि नाव आपल्या पुढे, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूला राहील असे पाहावे. फोन आणि शिट्टी नावेला नव्हे, तर जॅकेटला बांधावी. नाव वाहून गेली तर ती नेमकी तेव्हाच लागतात.

वाऱ्याकडे दुर्लक्ष

आंभोऱ्याला वैनगंगा आणि कन्हान गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात एकत्र येतात, तेथे पाणी एवढे पसरलेले आहे की दुपारच्या वाऱ्याला लाटा उठवायला भरपूर जागा मिळते. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परत येताना वारा पाठीशी राहतो. नावेचे तोंड वारंवार वाऱ्याकडे वळत असेल तर जोर लावून वल्हे मारण्याऐवजी सामान थोडे मागे सरकवून पाहावे. हवा भरायच्या कयाकचे आणखी एक दुखणे नागपूरच्या उन्हाचे आहे: काठावर गच्च भरून उन्हात ठेवलेली नाव तापून शिवणीत उसवते, आणि न उसवता थंड पाण्यात गेली तर सैल पडते. ती सावलीत भरावी आणि पाण्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा दाब पाहावा. ढिवर बांधवांची जाळी बाटल्यांच्या तरंगांवरून ओळखू येतात. तरीही डोंग्यातल्या भाऊंना विचारून जाणे केव्हाही बरे, कारण पाण्याखाली उभी असलेली वाळकी झाडेही त्यांनाच माहीत असतात.

खाडीत घड्याळाशिवाय शिरणे

विदर्भातल्या माणसाला भरती-ओहोटी अंगवळणी पडलेली नसते, त्यामुळे खाडीतली त्याची चूक बहुधा वेळेची असते. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशोब आहे. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. मात्र हा अंदाज खाडीच्या मुखाशी लागू पडतो, आत जावे तशी भरती उशिरा पोचते. प्रत्यक्ष जाताना त्या बंदराचे छापील कोष्टक पाहावे. सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही. एकूण उताराचा जवळपास अर्धा भाग तिसऱ्या आणि चौथ्या तासात होतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर ही ओढ वल्ह्याला जुमानत नाही. चढत्या पाण्याबरोबर आत जावे आणि भरती पूर्ण होताच परतीला लागावे. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, तेव्हा तेथे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय नाव घालू नये.

कांदळवनातल्या अरुंद चरीत पाणी ओसरून नाव चिखलात बसलीच, तर उतरून ढकलण्याचा मोह आवरावा. खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीचा, चिखल कमरेपर्यंत ओढतो आणि एकट्याला त्यातून सुटणे फार कठीण जाते. नावेतच बसून राहावे, डोके झाकावे, पाणी पुरवून प्यावे आणि ज्याला परतीची वेळ सांगून आलो आहोत त्याला नवी वेळ कळवावी. जखम झाली असेल किंवा अंधार पडण्यापूर्वी भरती येणार नसेल, तर ११२ ला फोन करून खाडीचे आणि जवळच्या गावाचे नाव सांगावे. अन्यथा पाणी परत चढेपर्यंत काही तास थांबावे लागते, आणि तेवढे पिण्याचे पाणी व एक विजेरी निघतानाच सोबत घेतलेली असावी.