वळूचं नाव नंतर, त्याच्या मुली आधी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी भागात कृत्रिम रेतनाचं काम शिकायला आलेला नवीन मुलगा आठवड्याभरात हमखास विचारतो, "सर, सगळ्यात भारी वळू कुठला?" शेतकऱ्याचं मागणंही तेच. "डॉक्टर, भारीतली कांडी सोडा, पैशाचं बघू नका." (कांडी म्हणजे वळूच्या वीर्याची नळी.) दोघांनाही मी उलट विचारतो, या गाईच्या आईचं दूध किती होतं? फॅट किती लागते? मागच्या वेताला वासरू सुखानं झालं का? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. वळूची निवड खरी इथून सुरू होते. वळूंच्या आकड्यांचा कॅटलॉग त्याच्यानंतर.

तरी कॅटलॉग वाचता यायलाच हवा. तो मी शिकलो अशा जातीवर, जिची आपल्याकडे कुणाच्या दावणीला आशा नाही. अँगस. मूळ स्कॉटलंडची, काळी, बिनशिंगी, मांसासाठी पाळली जाणारी जात. कर्नाटकात गोवंश हत्याबंदीचा २०२० चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ती आपल्या गोठ्यात आली नसती. पण पशुपैदास शिकणाऱ्याला अँगस टाळता येत नाही, कारण इतकी उघडी आणि नीट ठेवलेली वळूंची नोंद फार थोड्या जातींकडे आहे. १८७३ साली जॉर्ज ग्रँट नावाच्या गृहस्थानं चार अँगस वळू अमेरिकेत कॅन्ससला नेले. दहा वर्षांत, १८८३ मध्ये, तिथं पैदासकारांची संघटना उभी राहिली. आज तिच्याकडून वळूंचं मूल्यांकन दर आठवड्याला ताजं होतं आणि घरबसल्या कुणालाही बघता येतं. आपल्या होल्स्टिनचा किंवा मुऱ्हाचा कॅटलॉग हातात धरण्याआधी महिनाभर हे आकडे चाळा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

त्या आकड्यांना ईपीडी म्हणतात, म्हणजे संततीत अपेक्षित असलेला फरक. एका वळूच्या जन्मवजनापुढे +१ आणि दुसऱ्याच्या पुढे +४ लिहिलं असेल, तर सारख्या गाईंवर वापरल्यास दुसऱ्याची वासरं सरासरी ३ पौंडांनी जड जन्मतील. नुसत्या +४ ला काही अर्थ नाही, दुसरा वळू शेजारी ठेवला तरच तो बोलतो. आणि 'सरासरी' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. शेतकऱ्याला एकच वासरू मिळतं, सरासरी मिळत नाही. त्यामुळं 'या कांडीनं पंचवीस लिटरची गाय होईल' असलं वचन कधी देऊ नका.

प्रत्येक आकड्याच्या खाली आणखी एक बारीक आकडा असतो, शून्य ते एकच्या दरम्यान. तो अचूकपणाचा. नवीन मुलं तो वाचतच नाहीत. ज्या वळूच्या शेकडो मुलामुलींची मोजमापं आली आहेत त्याचा अचूकपणा ०.९ च्या पुढे जातो. नुसत्या जनुकीय तपासणीवर आणि आईबापांच्या नोंदीवर उभा असलेला तरणा वळू बराच खाली असतो, आणि पुढं मुली दुधात आल्या की त्याचे आकडे वर किंवा खाली सरकू शकतात. तरणे वळू वापरू नयेत असं नाही, सुधारणेचा वेग त्यांच्यामुळंच येतो. पण एका गोठ्यात एकाच तरण्या वळूवर सगळी भिस्त ठेवायची नाही, तीन-चार वळूंत वाटून टाकायची.

आता वळूला एवढं महत्त्व का, ते हिशेबानं बघा. पाडीत निम्मा अंश बापाचा. तिच्या आईचा बाप पाव, आजीचा बाप अष्टमांश. तिन्ही मिळून ८७.५ टक्के. म्हणजे विकतच्या गाई न आणता तीन पिढ्या तुम्ही कांडी निवडली, तर त्या गोठ्याचा जवळजवळ सगळा आनुवंशिक माल तुम्ही निवडलेला असतो. शेतकऱ्याला वाटतं गाय आपली. गोठा मात्र तुमच्या कांड्यांच्या कंटेनरमधून घडलेला असतो.

नावाजलेल्या वळूंचा इतिहास याच कारणानं वाचायचा. अँगसमध्ये जीएआर प्रिसिजन १६८० हा मांसाच्या प्रतीसाठी गाजलेला वळू. त्याच्या कांड्या सगळीकडे गेल्या, त्याचे मुलगे आणि नातूही वळू म्हणून वापरले गेले. मग काही कळपांत पाय आखडलेली, पाठीचा कणा वाकलेली मेलेली वासरं जन्मू लागली. २००८ मध्ये दोष पकडला गेला, जनुकीय चाचणी आली आणि वंशावळीत मागं जाता जाता बोट या घराण्यावर येऊन थांबलं. दोष सुप्त होता. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली तरच चारातलं एक वासरू बाधित होण्याची शक्यता. त्यामुळं पहिल्या पिढीत कुणाला काहीच दिसलं नाही. वळूचं नाव जितकं मोठं, तितक्या त्याच्या नाती-पणती एकमेकांत मिसळल्या आणि लपलेलं वर आलं. आता अँगसच्या वंशावळीत वळूच्या नावापुढं तो त्या दोषापासून मुक्त आहे की वाहक, हे अक्षरांत छापलेलं असतं.

हे मांसाच्या गाईचं झालं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या दावणीला असलेल्या होल्स्टिनचं उदाहरण त्याहून मोठं आहे. १९६२ मध्ये जन्मलेला पॉनी फार्म आर्लिंडा चीफ. सोळा हजार मुली, पाच लाख नाती, वीस लाखांवर पणत्या. अमेरिकेतल्या होल्स्टिनच्या जनुकसंचात सुमारे १४ टक्के वाटा त्याचा निघाला. त्याच्याबरोबर एपीएएफ-१ या जनुकातला एक दोष पसरला, ज्यात दोन्हीकडून दोष आलेला गर्भ पोटातच मरतो. जगभरात त्यामुळं सुमारे पाच लाखांवर गर्भपात झाले आणि ४२ कोटी डॉलरचं नुकसान झालं, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याच संशोधकांनी चीफमुळं वाढलेल्या दुधाची किंमत ३ हजार कोटी डॉलर धरली आहे. तेव्हा चीफ वाईट वळू होता असं कुणी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की गाय सारखी उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही परत माजावर येत असेल, तर प्रत्येक वेळी खनिज मिश्रणाला आणि माज हुकल्याला दोष देऊन मोकळं होऊ नका, दोन्हीकडची वंशावळ एकदा बघा. आपल्याकडं केंद्र सरकारच्या नियमावलीनुसार होल्स्टिन आणि तिच्या संकरित वळूंची ब्लॅड, सिट्रुलिनेमिया, डम्प्स आणि फॅक्टर ११ या आनुवंशिक दोषांसाठी तपासणी होते. रोगांमध्ये क्षय, जोन्स, ब्रुसेला वगैरे. वीर्यकेंद्रांना श्रेणीही दिली जाते. कांडी घेताना केंद्राची श्रेणी विचारायला लाजू नका.

फॅशनचा भाग वेगळाच. १९४०-५० च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रदर्शनांत बुटकी, गुटगुटीत जनावरं पहिली यायची. हेअरफोर्ड आणि अँगस दोन्हींत तसलेच वळू निवडत गेले आणि खुजेपणाचा दोष कळपात घुसला. मग लंबक उलटा फिरला. पुढं उंच, लांबलचक जनावरांचं वेड आलं, वासरं जड झाली, गाईही दांडग्या झाल्या आणि त्यांना खायलाही तितकंच लागायला लागलं. परीक्षकाच्या डोळ्याला भरलेलं जनावर गोठ्यात परवडतंच असं नाही.

हे वाचताना मला आपले खिल्लार आठवतात. रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला जनावरांचा बाजार भरतो, तिथं एकदा डोळे उघडे ठेवून फिरा. खोंड बघायला ही गर्दी, आणि त्याची आई कशी होती हे विचारणारा विरळा. बैलगाडी शर्यतींना १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कायमचा हिरवा कंदील दिल्यापासून पळणाऱ्या बैलाच्या बापाला भाव आला आहे. बैल पळतो तर पळाऊ वळू निवडणं चूक नाही, खिल्लार ही कामाचीच जात. माझी तक्रार वेगळी आहे. एकच गाजलेला वळू पाच-पन्नास गावांतल्या गाईंवर फिरतो, नोंद कुणाकडं नसते, आणि तीन-चार वर्षांत सावत्र भावंडं एकमेकांना लावली जातात. अशा जोडीत अंतःप्रजननाचा अंश १२.५ टक्के, बाप-लेकीत २५. साधारण ६.२५ च्या आत राहावं असा दंडक आहे. कृष्णाखोरी गाईचं तर आणखी अवघड. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या रानात नांगर ओढायला घडलेली ही जात ट्रॅक्टरमुळं मागं पडली, आता शुद्ध वळू मिळवायलाच शोधाशोध करावी लागते. थोड्या जनावरांत वळूंची अदलाबदल जास्त काटेकोर लागते. इथं आकडे नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. वळूच्या बहिणी बघा, त्याच्या पाड्या कुठं विकल्या ते शोधा, त्यांची कास, पाय, स्वभाव डोळ्यांनी बघून वहीत लिहा.

स्वभावावरून आठवलं. अँगसमधला एन बार इम्युलेशन ईएक्सटी हा वळू मुलींसाठी गाजला, आणि तापट डोक्यासाठीही. अँगसच्या मूल्यांकनात शांतपणाचा स्वतंत्र आकडा असतो. आपल्या कॅटलॉगात तो बहुधा सापडत नाही, पण आपल्याकडं गाय पिळते कोण? घरातल्या बायका. लाथाळ गाय दोन लिटर जास्त देत असली तरी सहा महिन्यांत बाजार दाखवते. म्हणून कुठल्याही वळूच्या मुली दुधात असलेल्या गोठ्यात गेलात की मालकाशी बोलून झाल्यावर काकींनाही विचारा. खरी माहिती तिथंच मिळते.

आता आपल्या बेळगाव जिल्ह्याचं. एकच कांडी सगळ्या तालुक्यांत चालत नाही. निपाणी-चिकोडीत पाणी आणि ऊस आहे, चाऱ्याची ददात नाही, पण हंगामात तोच चारा म्हणजे नुसतं उसाचं वाडं. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. जास्त दुधाच्या वळूची मुलगी अशा चाऱ्यावर वेतानंतर खाली बसते आणि बोल वळूला लागतो. आधी वैरण बदला, मग वळू. अथणीकडं उन्हाळा कडक, तिथं होल्स्टिनचा अंश वाढवत नेला की गाय धापा टाकते, माज लपतो, उलटणं वाढतं. तिथं मी अंश ५० ते ६२.५ टक्क्यांच्या पुढं न्यायला सांगत नाही, संकरित वळूच वापरतो. खानापूरच्या पावसात आणि गोचिडांत लहान चणीची, चिवट गाय टिकते, तिथं जर्सी बरी.

पहिलारू कालवडीला वळू निवडताना दुधाचा आकडा झाकून ठेवा आणि फक्त सुलभ प्रसूतीचा बघा. लहान गाईला दांडगा होल्स्टिन लावला की रात्री दोन वाजता वासरू ओढायला तुम्हालाच बोलावणं येणार. लिंगनिर्धारित कांडीनं साधारण ९० टक्के पाड्या होतात हे खरं, पण तिच्यात शुक्राणू कमी असतात आणि गाभण राहण्याचं प्रमाणही जरा कमी. ती निरोगी कालवडींना आणि नीट माज दाखवणाऱ्या गाईंना. चारदा उलटलेल्या गाईला नको.

फॅट विसरू नका. डेअरीत पैसे फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ). गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ ची चौकट आहे, आणि काही गोठ्यांत लिटर वाढवण्याच्या नादात फॅट ३.२ वर आलेली असते. तिथं दुधात थोडा मागं पण फॅटमध्ये पुढं असलेला वळू जास्त पैसे देतो. फॅटचं प्रमाण बापाकडून बऱ्यापैकी उतरतं, गाभण राहण्याचा गुण फार कमी उतरतो. म्हणून पहिलं वळूनं सुधारा, दुसरं मुख्यतः व्यवस्थापनानं.

शेवटी कांडी. पाव मिलिलिटरची प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर बारीक अक्षरांत केंद्राचं नाव, जात, वळूचा नंबर, तारीख. ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट, पुसून कोरडी, मग रेतनाच्या गनमध्ये. घाईत रिकामी कांडी उकिरड्यावर जाते आणि नंबर तिच्याबरोबर. तसं करू नका. काम झाल्यावर तीच रिकामी कांडी हातात धरून नंबर लिहा: तुमच्या वहीत, गाईच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासमोर, आणि मोबाइलवरच्या भारत पशुधन ॲपवर. मी शेतकऱ्याला गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायला लावतो, कारण वही हरवते. दोन वर्षांनी पाडी माजावर आली की तिच्या बापाचा नंबर दारावर सापडतो आणि तोच वळू तिला परत लावला जात नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. पदवीसाठी बिदरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ, अथणीजवळ कोकटनूरलाही त्याचं महाविद्यालय आहे. पदवी नको असेल तर सरकारच्या मैत्री योजनेतलं तीन महिन्यांचं रेतन प्रशिक्षण. मराठी शाळेतून आलेल्यांनी कन्नड वाचायला-लिहायला आधीच शिकून घ्या, खात्याचे अर्ज आणि नोंदी कन्नडात असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला 'गौ चिप' आणि 'महिष चिप' या जनुकीय तपासणीच्या चिप जाहीर झाल्या, म्हणजे देशी गाई-म्हशींच्या वळूंचेही जनुकीय आकडे हळूहळू हाती येतील. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर पशुआनुवंशशास्त्र घ्या आणि संख्याशास्त्राला घाबरू नका. आणि पहिल्या पगारात चांगला टॉर्च घ्या. माज बऱ्याचदा रात्री-पहाटे दिसतो आणि निम्म्या गोठ्यांत बल्ब गेलेला असतो.