युनो आणि बाकी जागतिक संघटनांबद्दल बोलताना या चुका टाळा, नाहीतर दोष भलत्याच्याच माथी जातो

कुठे युद्ध पेटलं किंवा एखादी साथ आली की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास वाचायला मिळतं, "युनो काय करतेय?" विचारणाऱ्याची कळकळ खरी असते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मी बरीच वर्षं या विषयावरचे विद्यार्थ्यांचे निबंध तपासतेय आणि त्यातही हेच दिसतं, सगळा राग संघटनेच्या नावावर निघतो आणि त्या दिवशी ज्या सरकारने हात वर केला किंवा केला नाही त्याचं नाव अख्ख्या पेपरात कुठेच येत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण त्या सरकारला नेमकं हेच हवं असतं. म्हणून नेहमी होणाऱ्या चुका आणि त्या कशा सुधारायच्या ते लिहितेय.

युनो म्हणजे जगाचं सरकार, असं धरून चालणं

बाकीच्या बऱ्याच चुका या एका चुकीतून निघतात. युनोला स्वतःचं सैन्य नाही, कर गोळा करायचा अधिकार नाही, पोलीस नाहीत. निळी टोपी घातलेले शांतिसैनिक दिसतात ते सदस्य देशांनी दिलेले असतात आणि देश त्यांना परतही बोलावू शकतो. सरचिटणीसांना लोक जगाचा पंतप्रधान समजतात, पण त्यांची नेमणूकच सुरक्षा परिषदेने शिफारस केली तर होते. 1996 साली त्यावेळचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांना दुसऱ्या टर्मसाठी परिषदेत 15 पैकी 14 मतं मिळाली होती, एकट्या अमेरिकेने व्हेटो (नकाराधिकार) वापरला आणि विषय तिथेच संपला. ज्याची खुर्ची एका देशाच्या नकाराने जाऊ शकते तो माणूस त्या देशाला हुकूम कसा सोडणार?

म्हणून "युनोने का थांबवलं नाही" असं लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, थांबवायचा निर्णय कोणत्या टेबलावर व्हायचा होता आणि तिथे कोण बसलं होतं. एवढं केलं तरी अर्धा निबंध सुधारतो.

सुरक्षा परिषद आणि आमसभा एकच समजणं

"युनोने ठराव मंजूर केला." कोणी? आमसभेत 193 देश, प्रत्येकाला एक मत, आणि तिचे ठराव बहुतेक वेळा बंधनकारक नसतात (बजेटसारख्या घरच्या कामात तिचा शब्द चालतो). सुरक्षा परिषदेत 15 देश, त्यातले 5 कायमचे आणि 10 दोन दोन वर्षांसाठी निवडून आलेले, ठरावाला किमान 9 मतं लागतात आणि कायमच्या पाचांपैकी एकानेही विरोधात मत दिलं की ठराव पडतो. तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो नाही, ही चूक तर इतक्या वेळा दिसते की विचारू नका.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण नियम कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. 25 फेब्रुवारी 2022, युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, बाजूने 11, विरोधात 1 म्हणजे रशिया, आणि चीन, भारत, यूएई असे 3 तटस्थ. ठराव पडला. मग दोनच दिवसांनी, 27 तारखेला त्याच सभागृहात दुसरा ठराव आला, की हा विषय आमसभेच्या तातडीच्या विशेष अधिवेशनाकडे पाठवा. मतं पुन्हा तीच, 11, 1 आणि 3, देशही तेच. पण हा ठराव मंजूर झाला! कारण हा कामकाजाचा प्रश्न होता आणि कामकाजाच्या प्रश्नावर व्हेटो चालत नाही. ही वाट 1950 साली आमसभेने कोरिया युद्धाच्या वेळी काढून ठेवलेली होती. मग 2 मार्चला आमसभेत मतदान झालं, बाजूने 141, विरोधात 5, तटस्थ 35, आणि उरलेले 12 देश मतदानात दिसलेच नाहीत.

याने युद्ध थांबलं का, तर नाही थांबलं. पण कोणता देश कुठे उभा आहे हे नाव घेऊन नोंदवलं गेलं, आणि "युनो गप्प बसली" हे वाक्य त्या आठवड्यापुरतं तरी सरळ सरळ चुकीचं ठरतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमसभेने आणखी एक गोष्ट ठरवली, कोणीही व्हेटो वापरला की 10 कामकाजी दिवसांत त्यावर आमसभेत चर्चा घ्यायची, म्हणजे आता वापरणाऱ्याला निदान सगळ्यांसमोर जाब तरी विचारला जातो.

ठरावाचं क्रियापद न वाचणं

बातमीची हेडलाईन वाचून मोकळं व्हायचं आणि मूळ कागद उघडायचाच नाही, ही सवय आधी सोडा. ठरावातला प्रत्येक परिच्छेद एका ठरावीक शब्दाने सुरू होतो. सुरुवातीच्या भागात 'रिकॉलिंग', 'नोटिंग' असे शब्द, ती नुसती पार्श्वभूमी. खरा माल खाली असतो, नंबर टाकलेल्या परिच्छेदांत: 'डिसाइड्स' असेल तर परिषद ठरवतेय, 'डिमांड्स' म्हणजे मागणी, 'कॉल्स अपॉन' म्हणजे आवाहन, 'अर्जेस' म्हणजे आग्रह. या शब्दांवर राजदूत रात्र रात्र भांडतात, आणि त्यात गंमत म्हणून काही नसतं, त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो.

25 मार्च 2024 चा गाझातल्या युद्धबंदीचा ठराव घ्या. 14 मतं बाजूने, अमेरिका तटस्थ. मसुद्यात आधी कायमच्या युद्धबंदीसाठी 'पर्मनंट' शब्द होता, शेवटच्या घटकेला तिथे 'लास्टिंग', म्हणजे टिकाऊ, आला, रशियाने जुना शब्द परत आणायची दुरुस्ती मांडली आणि ती पडली. ठरावात 'डिमांड्स' होतं, तरी मंजूर झाल्या झाल्या अमेरिकेने सांगितलं की हा बंधनकारक नाही, आणि बाकीच्यांनी युनोच्या सनदेचं, म्हणजे तिच्या घटनेचं, 25 वं कलम दाखवून सांगितलं की परिषदेचे निर्णय सगळ्या सदस्यांवर बंधनकारक असतात. माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण वाद आहे हे माहीतच नसेल तर विद्यार्थी "युनोने आदेश दिला आणि कोणी ऐकलं नाही" असं लिहून मोकळा होतो.

हवामान परिषदांत हेच. 2021 ला ग्लासगोत कोळशाबद्दलचा शब्द अगदी शेवटी 'फेज आऊट' चा 'फेज डाऊन' झाला, म्हणजे बंद करायचा ऐवजी कमी करायचा. मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नसतं ते चौकोनी कंसात ठेवतात, आणि असा कंसांनी भरलेला मसुदा एकदा तरी वाचून बघा, कोणत्या ओळीवर घोडं अडलंय ते लगेच दिसतं.

"प्रतिनिधी" म्हणजे लोकांनी निवडलेला, असं समजणं

इथे मला थोडं थांबायचंय. या संघटनांना आपण प्रातिनिधिक म्हणतो, पण तिथे बसलेला माणूस सरकारचा प्रतिनिधी असतो, सरकारने नेमलेला, सरकारच्या सूचनेवर मत देणारा. युरोपियन संसदेसारखे अपवाद आहेत, तिथे 1979 पासून लोक थेट मतदान करतात, पण ते अपवादच. आमसभेत साधारण दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूचं मत आणि 140 कोटींच्या भारताचं मत सारखंच मोजलं जातं. कुणाला हे अन्यायाचं वाटतं. मला वाटत नाही, कारण समुद्राची पातळी वाढल्यावर बुडणार तुवालू आहे आणि त्याला ओरडायला दुसरी जागा नाही.

आणि सरकार नेमकं कोणतं, हाही प्रश्न येतो. चीनची खुर्ची 1971 पर्यंत तैपेईतल्या सरकारकडे होती, त्या वर्षी 25 ऑक्टोबरला आमसभेच्या ठरावाने ती बीजिंगकडे गेली. अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 ला तालिबान सत्तेवर आले, पण युनोतली खुर्ची त्यांना मिळाली नाही, ओळखपत्र तपासणारी कमिटी निर्णय पुढे पुढे ढकलत राहिली. म्हणजे जमिनीवर राज्य एकाचं आणि सभागृहात पाटी दुसऱ्याची, असंही होतं. "त्या देशाने मत दिलं" असं लिहिताना हे डोक्यात असू द्या.

सगळीकडे एक देश एक मत असतं असं मानणं

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मतं कोट्याप्रमाणे, म्हणजे देशाच्या ठरलेल्या आर्थिक वाट्याप्रमाणे असतात. अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मतं आणि मोठ्या निर्णयांना 85 टक्के लागतात, हिशोब तुम्हीच करा, व्हेटो हा शब्द कुठेही न लिहिता व्हेटो तयार. डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, 166 सदस्य, सगळं सर्वसंमतीने, त्यामुळे एकटा देशही गाडी अडवू शकतो: अपील ऐकणाऱ्या मंडळावर 7 जण हवेत, एका केसला 3 लागतात, अमेरिकेने नवीन नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर 2019 पासून ते मंडळ ठप्प झालं. आता कोणी "डब्ल्यूटीओ कुचकामी झाली" म्हणालं तर अर्ध्यात वाक्य सोडल्यासारखं होतं ना?

(डब्ल्यूटीओ युनोचा भाग नाही, हेही लक्षात ठेवा. आणि हेगमधली दोन कोर्टं मिसळू नका, आयसीजेत (आंतरराष्ट्रीय न्यायालय) देश विरुद्ध देश, आयसीसीत (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) माणसांवर खटले. जी-7, जी-20 ला तर स्वतःची सनदही नाही आणि कायमचं ऑफिसही नाही.)

सही झाली म्हणजे काम झालं

सही हा नुसता इरादा. नंतर देशाच्या आत मंजुरी लागते, आणि कधी कधी ठरावीक देशांनी मंजुरी दिल्याशिवाय करार लागूच होत नाही. अणुचाचणी बंदीचा सर्वंकष करार 1996 चा, त्याला 44 ठरावीक देश हवेत, अमेरिकेने सही केली पण 1999 मध्ये सिनेटने नाकारला, रशियाने तर 2023 मध्ये दिलेली मंजुरी काढून घेतली. करार अजून लागू झालेला नाही.

डब्ल्यूएचओने लपवलं, डब्ल्यूएचओने उशीर केला

चुका डब्ल्यूएचओच्याही (जागतिक आरोग्य संघटनेच्याही) असतात आणि त्या मांडायलाच हव्यात. पण सदस्य देशांनी मान्य केलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम काय म्हणतात ते आधी बघा. धोक्याचा आजार वाटला तर मूल्यमापन केल्यावर 24 तासांत कळवायचं, ही जबाबदारी देशाची. कळवलं नाही तर दंड नाही, आणि देशाने परवानगी दिल्याशिवाय डब्ल्यूएचओची टीम आत पाऊलही टाकू शकत नाही. पैशाचं बघाल तर कित्येक वर्षं बजेटचा पाचवा हिस्साही सदस्यांच्या ठरलेल्या वर्गणीतून येत नव्हता, बाकी सगळं ऐच्छिक देणग्या, आणि त्यातल्या बऱ्याच कशावर खर्च करायच्या ते देणाराच सांगतो. 2022 मध्ये सदस्यांनी वर्गणीचा वाटा हळूहळू निम्म्यापर्यंत न्यायचं ठरवलं. तो प्रत्यक्षात जातो का, यावर लक्ष ठेवायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

फक्त अपयश मोजणं

जे नीट चालतं त्याची बातमी होत नाही. परदेशात पाठवलेलं पत्र पोहोचतं ते 1874 च्या टपाल संघटनेमुळे, फोन लागतो त्यामागे 1865 पासूनची दूरसंचार संघटना आहे. आणि देवीचा रोग! 1958 साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सोव्हिएत युनियनने डब्ल्यूएचओच्या सभेत देवी जगातून हद्दपार करायचा प्रस्ताव मांडला आणि पुढे अमेरिकेनेही त्या मोहिमेत जीव ओतला. शेवटचा नैसर्गिक रुग्ण 1977 ला सोमालियात सापडला, मे 1980 मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं. एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले दोन देश एका टेबलावर आले कारण ते टेबल आधीपासून मांडलेलं होतं. ओझोनचा 1987 चा माँट्रियल करारही तसाच, त्यावर जगातल्या सगळ्या देशांची मंजुरी आहे.

अडकलात तर काय करायचं

एखादा ठराव फसला किंवा गाजला की युनोच्या डिजिटल लायब्ररीत जायचं, तिथे मतदानाच्या नोंदी सगळ्यांना फुकट बघता येतात. ठरावाचा नंबर टाका, देशांची यादी उघडा, बाजूने कोण आणि विरोधात कोण ते बघाच, पण तटस्थ आणि गैरहजर या दोन रकान्यांवर जरा जास्त वेळ थांबा. मग त्या देशाच्या प्रतिनिधीने मतदानानंतर दिलेलं स्पष्टीकरण शोधा, ते बैठकीच्या इतिवृत्तात असतं, आणि घरी सरकार जे सांगतं त्याच्याशी ते जुळतं का ते ताडून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीने हे तीन ठरावांसाठी केलं आणि तिच्या पुढच्या निबंधात "युनो अपयशी ठरली" च्या जागी चार देशांची नावं आली होती.