ब्राउझरचा आवाज गेला म्हणून लिनक्स पुन्हा टाकू नका

लिनक्सवर ब्राउझर मुका झाला की नवशिके पहिलं काम करतात ते टर्मिनल उघडून, कुठून तरी उचललेल्या चार सुडो ओळी (अ‍ॅडमिनच्या हक्काने चालणाऱ्या कमांड) चिकटवण्याचं. त्यातल्या बऱ्याच ओळी पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरच्या (सगळ्या अ‍ॅपचा आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) जमान्यातल्या असतात आणि मशीनवर असतो नवा साउंड सर्व्हर, पाइपवायर. फेडोरा आणि उबंटू या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या प्रकारांमध्ये) अनुक्रमे 34 आणि 22.10 पासून तोच डिफॉल्ट आहे. आधी टर्मिनलमध्ये ‘पॅक्टल इन्फो’ (pactl info) चालवा, सर्व्हरचं नाव वाचा, मग हात लावा.

माझ्या मावसभावाचं उबंटू. व्हीएलसी प्लेअरमध्ये गाणी वाजत होती, फायरफॉक्स गप्प. पठ्ठ्याने अख्खा रविवार घालवून उबंटू नव्याने टाकलं. होम (आपल्या फायली आणि सेटिंग्जचं फोल्डर) डिस्कच्या वेगळ्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर होतं, तेवढं शहाणपणाने जपलं. फायरफॉक्स तरीही गप्प! रात्री साडेदहाला फोन: “दादा, साउंड कार्डच उडालं बहुतेक.” अरे, कार्ड उडालं असतं तर व्हीएलसी कशावर वाजलं?

त्याला पाव्हूकंट्रोल (pavucontrol, प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगळा दाखवणारं अ‍ॅप) टाकायला लावलं. “प्लेबॅकमध्ये फायरफॉक्स नाहीच,” म्हणे. नसणारच, व्हिडिओ थांबवून ठेवला होता. ब्राउझर वाजत असतो तेव्हाच तिथे त्याची पट्टी येते. व्हिडिओ चालू केला, पट्टी आली, आणि ती म्यूट. एक क्लिक, संपलं. पाइपवायरसोबत चालणारा वायरप्लंबर हा प्रोग्राम प्रत्येक अ‍ॅपचा आवाज आणि म्यूट लक्षात ठेवतो, आणि ही नोंद होममधल्याच एका लपलेल्या फोल्डरात असते. होम जपलं, त्यासोबत म्यूटही जपलं गेलं. आवाज स्पीकरऐवजी एचडीएमआयकडे (जोडलेल्या टीव्ही-मॉनिटरकडे) जात असेल, तर तेही त्याच पट्टीवर बदलता येतं.

माझी सवय विचाराल तर आधी टॅब, मग ही पट्टी, मग आउटपुट. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-एम चुकून दाबलं तरी टॅब म्यूट होतो, हे विसरू नका.

व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही? तो बिघाड नव्हे. आवाजासकटचा ऑटोप्ले फायरफॉक्स 2019 पासून अडवतो. हवाच असेल तर त्या एका साइटला परवानगी द्या, सगळ्यांना कशाला?

फायरफॉक्समध्ये एच.264 (व्हिडिओ साठवण्याचा एक प्रचलित प्रकार) व्हिडिओ चालत नसेल तर डिस्ट्रोचं एफएफएमपेग (असे व्हिडिओ उलगडणारं) पॅकेज तपासा. ब्राउझर बदलत बसू नका.

कीबोर्डवरचं प्ले बटण भलत्याच ठिकाणी वाजतं, ही तक्रार तर आठवड्याला एक. शॉर्टकटला नुसतं ‘प्लेअरसीटीएल प्ले-पॉज’ (playerctl play-pause, प्लेअर चालू-बंद करणारी कमांड) जोडलेलं असतं. दोन ब्राउझर आणि व्हीएलसी उघडे असताना त्याने कुणाला थांबवायचं? ‘प्लेअरसीटीएल -एल’ने (-l) उघड्या प्लेअरची यादी बघा आणि -पी (-p) लावून हव्या त्या प्लेअरचं नाव द्या. नाहीतर प्लेअरसीटीएलडी (playerctld) हा मागे चालणारा जोडीदार प्रोग्राम चालू ठेवा, तो शेवटी हललेला प्लेअर धरतो. मी नावच देतो. यादी रिकामी आली, तर ब्राउझरमध्ये काहीतरी वाजतंय का ते आधी बघा.