आठवण पाठवली, पण पोचली का?

मोबाइल अ‍ॅपवरून लोकांवर केलेला माझा पहिला प्रयोग झोपेवरचा होता. एका गटाला रात्री 'आता फोन बाजूला ठेवा' अशी आठवण जायची, दुसऱ्याला काहीच नाही. तीन आठवड्यांनी नोंदी उघडल्या तर सात जण दोन्ही गटांत! कारण शोधायला दोन दिवस गेले. कोण कुठल्या गटात, याची चिठ्ठी मी फोनवरच काढत होतो. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की नवी चिठ्ठी निघायची. तेव्हापासून चिठ्ठी सर्व्हरवर, सहभागीच्या सांकेतिक क्रमांकाला बांधून, एकदाच काढतो. तुम्हीही तसंच करा.

पुढची डोकेदुखी नोटिफिकेशनची, आणि ही खरी मोठी. अँड्रॉइडमध्ये सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपची कामं लांबणीवर टाकतो. तुमची रात्री दहाची आठवण पावणेअकराला वाजू शकते. आयफोनची तऱ्हा वेगळी. तिथे एका अ‍ॅपला फोनवर आगाऊ लावलेल्या ६४ च आठवणी ठेवता येतात. दिवसाला पाच लावल्या तर तेराव्या दिवशी साठा संपतो आणि सहभागीने मधे अ‍ॅप उघडलंच नाही, तर पुढे सगळं शांत. तुम्हाला वाटतं माणूस कंटाळला, प्रत्यक्षात त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून प्रत्येक आठवणीच्या चार वेळा वेगळ्या नोंदवा: ठरलेली, फोनवर दिसलेली, उघडलेली आणि उत्तर आलेली. दुसरी वेळ दर वेळी हाती लागत नाही; तेव्हा रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहा आणि शेजारी स्थानिक वेळेचा तिच्यापासूनचा फरक ठेवा. फोनचं घड्याळ माणूस हाताने बदलू शकतो, त्यामुळे सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळही हवी.

आकडेमोड करताना एक मोह आवरा. ज्यांनी आठवण उघडलीच नाही त्यांना गाळावंसं वाटतं. गाळलंत तर त्या गटात फक्त शिस्तीची माणसं उरतात, आणि त्यांची झोप मुळातच बरी असायची. ज्याच्या नावाने जी चिठ्ठी निघाली, तो त्याच गटात मोजायचा.

माणसं कमी असतील तर चिठ्ठी माणसागणिक न काढता क्षणागणिक काढता येते. चालण्याची सवय लावणाऱ्या 'हार्टस्टेप्स' अ‍ॅपच्या अभ्यासात दिवसातून पाच वेळा, ४२ दिवस, सूचना द्यायची की नाही हे असंच ठरायचं. एकाच माणसाच्या सूचना मिळालेल्या आणि न मिळालेल्या वेळांची तुलना होते. मात्र परिणाम लगेच दिसणारा हवा. झोपेला ही रीत मी वापरणार नाही.

परवानग्या मोजक्याच मागा. ठावठिकाणा प्रश्नाला लागत नसेल तर घेऊच नका, नाहीतर तो सांभाळायची जबाबदारी उगाच गळ्यात पडते.

सुरुवात करण्याआधी पंधरा दिवस स्वतःच्या फोनवर आणि मिळेल त्या जुन्यात जुन्या फोनवर अ‍ॅप चालवा. आयफोनवर मधे अ‍ॅप उघडू नका, तेरावा दिवस दिसला पाहिजे. एक दिवस इंटरनेट बंद ठेवून उत्तरं द्या, संध्याकाळी चालू करा आणि सर्व्हरवर मोजा. माझ्याकडे चारची सात झाली होती: जोडणी तुटली की अ‍ॅप तेच उत्तर परत पाठवत होतं. आता प्रत्येक उत्तराला फोनवरच स्वतंत्र क्रमांक देतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर तो सोडून देतो.