सिअ‍ॅटलला नव्याने आलात? कंपनीचं 'गिव्हिंग'चं पान उघडून बघा

सिअ‍ॅटल-रेडमंड-बेलव्ह्यू भागात नोकरीसाठी आलेल्या माणसाची पहिल्या महिन्याची कामं ठरलेली असतात. सोशल सिक्युरिटी नंबर, अपार्टमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांची शाळा. इन्शुरन्सचे फॉर्म तर एचआरवाले मागे लागून भरून घेतात. 'गिव्हिंग'चं पान, म्हणजे कंपनीच्या पोर्टलवरचं देणगी आणि स्वयंसेवेचं पान, उघडा म्हणून मात्र कोणी मागे लागत नाही. इथल्या मोठ्या कंपन्या आसपासच्या गावांसाठी जो पैसा काढून ठेवतात, त्यातला बराचसा त्या पानावरून कर्मचाऱ्यांच्याच हातून बाहेर पडतो. तुम्ही अर्ज केला नाहीत, तर तुमच्या वाट्याचा पैसा कुठल्याच संस्थेकडे जात नाही.

मायक्रोसॉफ्टमध्ये ही पद्धत १९८३ पासून आहे. तुम्ही एखाद्या नोंदणीकृत संस्थेला दिलेत तेवढेच पैसे कंपनी स्वतःकडून घालते, वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत; यालाच 'मॅचिंग' म्हणतात. संस्थेत जाऊन काम केलंत तर तासाला २५ डॉलर त्या संस्थेला देते. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे असतात आणि काही ठिकाणी ही सोयच नसते, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता आपल्याच पोर्टलवर खात्री करून घ्या. या भागात शाळेच्या पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) सभेत 'तुमची कंपनी मॅच करते का?' असं कोणी विचारलं तर बिचकू नका, इथे तो अगदी रोजचा प्रश्न आहे. तुम्ही ५०० डॉलर दिलेत आणि अर्ज भरलात, तर पीटीएच्या हाती १,००० पडतात.

अर्जाला पाच मिनिटं लागतात, पण घोळ होतो तो संस्था निवडताना. शोधखिडकीत नाव टाकलं की एकाच नावाच्या पाच-सहा संस्था समोर येतात आणि नेमकी दुसऱ्याच राज्यातली सगळ्यात वर असते. म्हणून संस्थेकडून तिचा नऊ आकडी ईआयएन, म्हणजे करखात्यातला ओळख क्रमांक, मागून घ्या आणि त्यावरूनच शोधा. संस्था 'फाइव्ह-ओ-वन सी-थ्री', म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे की नाही, हे आयआरएसच्या (अमेरिकी करखात्याच्या) संकेतस्थळावर फुकट बघता येतं. मराठी मंडळ किंवा मराठी शाळेला देणार असाल तर हे आधीच विचारा. आणि कार्यक्रमाच्या तिकिटाचे पैसे देणगी म्हणून दाखवू नका. त्या बदल्यात तुम्हाला जेवण आणि नाटक मिळालेलं असतं, ते मॅचिंगमध्ये बसत नाही. ओळखीतल्या कोणाच्या आजारपणासाठी ऑनलाइन जमवलेली मदतही सहसा बसत नाही, कारण ती संस्थेला नव्हे, व्यक्तीला जाते. ती जरूर करा, पण आपल्या खिशातून.

पैसे देण्याआधी एकदा हातांनी काम करून बघा, असं माझं मत. सिअ‍ॅटलच्या फूड लाइफलाइन या अन्नपेढीच्या गोदामात कंपन्यांच्या टीम एकेका शिफ्टसाठी जातात. केसांवर जाळी, हातात मोजे. समोर घाऊक मालाची भली मोठी पेटी, त्यातून माल काढायचा, लहान पिशव्यांत भरायचा, वजन करायचं, लेबल चिकटवायचं आणि खोकं पुढे सरकवायचं. तासाभरात कंबर बोलायला लागते. पण ऑफिसात सहा महिने नुसतं 'हाय' म्हणणारा सहकारी इथे खोकं उचलता उचलता त्याचं घर कुठे, मुलं कोणत्या शाळेत, सगळं सांगून मोकळा होतो. नवख्या माणसाला ओळखी व्हायला यापेक्षा सोपी जागा मला माहीत नाही. ईस्टसाइडला, म्हणजे बेलव्ह्यू-रेडमंडच्या बाजूला, राहत असाल तर होपलिंक या मदतसंस्थेला विचारा, तिथेही स्वयंसेवक लागतात.

व्हिसाची भीती सगळ्यांनाच असते. एच-वन-बीवर असताना धर्मादाय संस्थेत विनामोबदला स्वयंसेवा करता येते. तासांमागचे पैसे कंपनी थेट संस्थेला देते, तुम्हाला नाही, त्यामुळे ती तुमची कमाई धरली जात नाही. जपायचं ते एवढंच: जे काम एरवी पगारी माणूस करतो, ते 'स्वयंसेवा' म्हणून अंगावर घेऊ नका आणि बदल्यात गिफ्ट कार्डसुद्धा घेऊ नका. वर्क परमिट नसलेल्या एच-फोरवरच्या जोडीदारालाही हेच लागू. एखाद्या संस्थेची वेबसाइट बनवून देण्यासारखं काम असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारलेलं बरं.

टॅक्सचं थोडक्यात. सवलत फक्त तुमच्या देणगीवर मिळते, कंपनीने घातलेल्या पैशांवर नाही. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले तर संस्थेची लेखी पावती हवीच. श्रमाच्या तासांवर काहीच मिळत नाही.

आता जरा कडू बोलतो. कंपन्या हे सगळं निव्वळ मायेपोटी करतात असं समजू नका. आपल्यासारखे हजारो पगारदार इथे आले, घरभाडी चढली आणि शाळेतल्या शिक्षिकेला, नर्सला लांब राहायला जावं लागलं. ओरड झाली, मग तिजोऱ्या उघडल्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी ५० कोटी डॉलर जाहीर केले, अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये २०० कोटींचा निधी काढला. त्यातलं बरंचसं कर्जरूपाने जातं, ती काही खिरापत नाही. तरी घरं उभी राहतात, हेही खरं. अ‍ॅमेझॉनने तर सिअ‍ॅटलमधल्या आपल्याच इमारतीत मेरीज प्लेस या संस्थेला बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी जागा दिली आहे. परवडणाऱ्या घरांना उत्पन्नाची अट असते, इंजिनिअरच्या पगारात तुम्ही त्यात बसणार नाही. पण तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षिका कदाचित बसतील.

तुम्ही भारतातल्या कंपनीकडून क्लायंटच्या ऑफिसात आला असाल, तर क्लायंटचं मॅचिंग तुम्हाला सहसा मिळत नाही. आपल्या कंपनीचं धोरण वेगळं विचारा. आणि नोकरी बदलणार असाल तर राजीनामा देण्याआधी राहिलेले अर्ज भरून टाका. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की त्या देणग्यांचं मॅचिंग हातचं गेलंच म्हणून समजा.