बाग पुन्हा सुरू करायची असेल तर दिवाळीपासूनच लागा

मार्च २०२० मध्ये आमच्या कॉलनीतल्या बागेला कुलूप लागलं. लेकरांनी खेळायला येऊ नये म्हणून झोक्यांच्या साखळ्या वरच्या आडव्या पाइपाला तारेनं बांधून टाकल्या. कुलूप पुढे निघालं, पण तार तशीच राहिली. ती आता कड्यांमध्ये गंजून अशी बसली आहे की पक्कड लावली तरी हलत नाही. त्या वर्षी जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली, त्यांनी या बागेत एकही झोका घेतलेला नाही. तुमच्या गल्लीतही असंच असेल तर पुढची तयारी उपयोगी पडेल.

वेळेचं आधी. नवं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच होते. म्हणून दिवाळीचे दिवे उतरले की कामाला लागा. लातूर-धाराशिवकडच्यांनी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, ही शेवटची तारीख धरावी; त्याआधी अर्ज पालिकेच्या आवक शाखेत पडलेला असावा आणि शिक्का मारलेली पोच आपल्या फाइलला लागलेली असावी.

अर्जाआधी जागेचे कागद बघा. कॉलनीच्या मंजूर रेखांकनात सोडलेली खुली जागा पालिकेच्या नावावर झाली आहे का, हे नगररचना विभागात विचारा. हस्तांतरण झालेलं नसेल तर बाकीची सगळी धावपळ वाया जाते, कारण जागाच ताब्यात नाही म्हटल्यावर खर्च कुठल्या आधारावर दाखवणार? आमचे सात महिने याच एका कागदापायी गेले. तोंडी उत्तर मिळत राहिलं तर माहितीचा अधिकार वापरा.

मग वही घेऊन बागेत जा, एकदा सकाळी सहाला आणि एकदा संध्याकाळी सातला. सकाळी मोडतोड दिसते, संध्याकाळी अंधार कुठे आहे ते कळतं. घसरगुंडीचा पत्रा कुठे फाटलाय, झोका जिथे फिरतो तिथलं बुश किती झिजलंय, नळाला पाणी येतं का, बाईमाणसाला जाण्यासारखं स्वच्छतागृह आहे का, हे सगळं फोटोसकट लिहून काढा.

आता पैसा. उद्यानं, बागा, क्रीडांगणं हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे दिलेला आहे, तेव्हा मागताना संकोच नको. फक्त काय मागायचं ते आधी ठरवा. कमान, कारंजं, पेव्हर ब्लॉक यांना निधी मिळतो, त्यांचं उद्घाटन होतं. माळ्याच्या पगाराला, वीजबिलाला, रखवालदाराला मिळत नाही, आणि बागा मरतात त्या तिथेच. म्हणून पहिली मागणी अंदाजपत्रकातल्या देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली स्वतंत्र तरतुदीची करा आणि ती किमान तीन वर्षांची असावी. मालमत्ता करासोबत तुम्ही वृक्ष उपकर भरत असाल, तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार जमणारा तो पैसा कुठे खर्च झाला ते विचारा. उतार आणि कठडा दिव्यांगांसाठीच्या राखीव निधीतून मागता येतो. मोठी दुरुस्ती असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे नगरोत्थान या राज्याच्या शहरांसाठीच्या योजनेतून प्रस्ताव पाठवायला लावा, शिवाय आमदार निधी आहेच. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा तुमच्या मंडळामार्फत यायचा असेल तर मंडळाची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे.

पाण्याचा हिशेब मात्र अर्जातच मांडा, नाहीतर मे महिन्यात सगळं करपून जाईल. दहा गुंठ्यांवर लॉन केलं आणि उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी दिलं, तर दिवसाला पाच हजार लिटर लागतं. दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या मुलखात आपण राहतो. लॉनचा हट्ट सोडा. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा लावा, ठिबक करा, मलनिस्सारण प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी मिळतं का ते बघा. खड्डे एप्रिलमध्ये खोदून उन्हात तापू द्या. रोपं मात्र मृगाच्या पहिल्या सरीवर लावू नका, जमीन चांगली भिजू द्या. आपल्याकडे पाऊस मधेच दडी मारतो.

चालण्याच्या ट्रॅकबद्दल एवढंच, की काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतू देऊ नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती काढून मुरूम भरून घ्या आणि ते काम चालू असताना कुणीतरी तिथे उभं राहा.

बाग दुरुस्त झाली तरी माणसं आपोआप येत नाहीत, हे मला उशिरा कळलं. आमचा हास्यक्लब एका काकांच्या जिवावर चालायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले, त्यानंतर पहाटेचं ते वर्तुळ पुन्हा जमलं नाही. खो-खो शिकवणाऱ्या ताईंनी पोटासाठी दुसरं काम धरलं. अशा माणसांच्या घरी स्वतः जा. शिकवणाऱ्याला मानधन द्या आणि ते अर्जात लिहा. फुकट सेवेवर दोन महिने निघतात, वर्ष निघत नाही. उन्हाळी शिबिर सकाळी साडेसहा ते साडेआठ ठेवा, पुढे ऊन पोरांना सोसत नाही. मुलींच्या खेळाला ठरलेली वेळ आणि चालू दिवे द्या, म्हणजे आया पाठवतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन बागेत घेता आलं तर घ्या, एरवी न फिरकणारी घरंही त्या दिवशी येतात.

उघडण्याच्या आदल्या दिवशी वेल्डर बोलवा आणि साखळ्यांवरची ती तार कापून घ्या. झोक्यावर आधी दोन मोठ्या माणसांना बसवून बघा. फाटकाच्या किल्ल्या दोन करा: एक माळ्याकडे, दुसरी समोरच्या घरातल्या आजींकडे, ज्या पहाटे पाचला उठतात.